तात्यांचा दहावा, तात्यांसमोर

माझ्या वडिलांचा दहावा होता त्या दिवशी सगळ्यात आधी तयार होऊन तेच बसले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट आणि वर काळा गॉगल.

आई म्हणाली, "दहाव्याला गॉगल घालत्यात व्हय?"

तात्या म्हणाले, "दुसऱ्याच्या घालत न्हाईत. सोताच्याला चालतंय."

तात्या जिवंत आहेत, हे इथेच सांगून टाकते. ते फक्त सिनेमात वारले आहेत. सिनेमा माझ्यावर आहे.

मी पूर्णिमा. दहा हजार मीटर पळते. म्हणजे ट्रॅकभोवती पंचवीस चकरा मारते आणि जिथून निघाले तिथेच परत येते. याबद्दल मला आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. जिंकल्यावर एका चॅनेलवाल्याने विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हणाले, "ठीक." त्याने माईक अजून जवळ आणला. "म्हणजे आतून नेमकं काय वाटतंय?" मी खरोखर आत डोकावून बघितलं. आत काही नव्हतं. ओला टॉवेल पडल्यासारखं वाटलं एकदा, पण तो टॉवेल बाहेर होता, खांद्यावर. मी पुन्हा "ठीक" म्हणाले. ती क्लिप खूप फिरली. लोकांना वाटलं मी नम्र आहे.

क्लिप अभिनवनेही बघितली. अभिनव दिग्दर्शक आहे, शनिवार पेठेतला. आतापर्यंत त्याने मसाल्यांच्या आणि गृहप्रकल्पांच्या जाहिराती केल्या होत्या. तो लोणी काळभोरला आमच्या घरी आला, आईने केलेला चहा पूर्ण प्यायला आणि म्हणाला, "पूर्णिमाताई, तुमच्या चेहऱ्यावर जे काहीच नाहीये ना, त्याच्यामागे नक्की काहीतरी आहे. चाइल्डहुड ट्रॉमा आहे का काही?"

असा प्रश्न आमच्या घरात याआधी कुणी विचारला नव्हता. आईने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. बहुतेक तिला वाटलं, हे त्याच्याबरोबर खायचं असतं.

मी त्याला मार्केट यार्डाची गोष्ट सांगितली.

मी नऊ वर्षांची होते. शाळेला सुट्टी होती म्हणून तात्यांनी मला टोमॅटोबरोबर मार्केट यार्डात नेलं. गाळ्यासमोर रिकाम्या पोत्यांचा ढीग होता, त्याच्यावर बसवलं आणि म्हणाले, "हितंच बस. हलू नगं." त्या दिवशी भाव चांगला लागला. तात्या खुशीत आले. रिकामे क्रेट मोजून टेम्पोत भरले, ड्रायव्हरशेजारी बसले आणि घरी गेले. एकही क्रेट मागे राहिला नाही.

मी हलले नाही, कारण हलू नको असं सांगितलेलं होतं. दुपारी हमाल आले आणि पोती उचलायला लागले. ढीग संपत आला तशी मी खाली खाली येत गेले आणि शेवटी जमिनीवर उभी राहिले. बसायची जागाच उरली नाही म्हणजे आता हलायला हरकत नाही, असा मी अर्थ काढला. मग घरी निघाले. हडपसरपर्यंत विचारत विचारत गेले. पुढे सोलापूर रोड सरळ आहे. आधी चालत होते. मग लक्षात आलं की पळालं की रस्ता लवकर संपतो. माझं पुढचं सगळं करिअर या शोधावर उभं आहे.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. तात्या अंगणात क्रेट धूत होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "कुठं हरवली व्हतीस गं?"

आईला वाटलं होतं, मी वाटेत हडपसरला मावशीकडे उतरले. तात्यांना काय वाटलं होतं ते कळलं नाही. आईने माझ्या पायांना खोबरेल लावलं. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या दिवसाचं नाव 'पूर्णी हरवली व्हती त्यो दिवस' असं पडलं. हल्ली प्रत्येक सत्कारात कुणीतरी ती गोष्ट सांगतं, लोक हसतात. मीही हसते. कुठे हसायचं ते पाठ आहे.

फक्त एक आहे. मी हरवले नव्हते. मी कुठे आहे ते मला पूर्ण वेळ माहीत होतं. पोत्यांवर.

सिनेमाच्या कागदांवर मी सही केली ती एवढ्यासाठीच. तात्यांनी एकदा म्हणावं, विसरलो. बाकी मला काही नको होतं. ते स्वतः म्हणाले नाहीत, तर निदान सिनेमा म्हणेल आणि तात्यांना ते थिएटरात बसून ऐकावं लागेल. मधून उठूनही जाता येणार नाही, कारण कडेच्या खुर्चीवर आई बसते आणि आई पाय बाजूला घेत नाही.

अभिनवने गोष्ट ऐकून डोळे मिटले. उघडले तेव्हा तो वेगळाच माणूस झाला होता. "ताई, हे सॉलिड आहे. पण विसरणं व्हिज्युअल नाहीये. हरवणं व्हिज्युअल आहे. विसरणं म्हणजे कसं, मिसमॅनेजमेंट वाटतं."

"पण ते विसरलेच होते."

"इसरलो न्हवतो," तात्या पलंगावरून म्हणाले. "हरवली व्हती."

अभिनव तात्यांकडे वळला. "काका, आपण असं करू. दोन ऑप्शन आहेत. एक, तुम्ही मुलीला मार्केट यार्डात विसरून येता. एकदम रिअल. दोन, तुम्ही आधीच वारलेले असता. तुमच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवतो आणि उडतो. मुलीला वाटतं, बाबा चालले. ती कावळ्यामागे पळत सुटते, पळत सुटते आणि हरवते. तिथून तिचं रनिंग सुरू."

तात्यांनी विचार करायला जराही वेळ घेतला नाही. "वारतो," ते म्हणाले.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण वारतंय?"

"मी. पिच्चरमदी."

"मग जेवून वारा."

विसरण्यापेक्षा तात्यांना मरण बरं वाटलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते बिस्किट चहात बुडवत होते. या वेळी ओला टॉवेल आत होता; कुणीतरी तो पिळून पुन्हा तिथेच ठेवला.

*

शूटिंग आमच्याच गावाजवळ, मुळा-मुठेच्या काठावर होतं. घाट खराच होता. दहाव्याला बसलेली भावकीही खरी होती, कारण दिवसाची हजेरी आणि दोन वेळचं जेवण मिळणार म्हणून सगळे आले होते. दहाव्याला कसं बसायचं ते त्यांना शिकवावं लागलं नाही. पांढऱ्या टोप्या घालून ते ओळीत बसले, त्यांनी तंबाखू मळली आणि जमिनीचे भाव काढले. अभिनव म्हणाला, "अमेझिंग. कुणीच अ‍ॅक्टिंग करत नाहीये."

आई घाटावर आली नाही. हातभर हिरव्या बांगड्या चढवून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून ती युनिटच्या एसी गाडीत बसली. "बगणार न्हाई मी," म्हणाली आणि बघता यावं म्हणून काच खाली घेतली.

पहिली अडचण फोटोची. तात्यांचं काम करणारा नट नागपूरचा होता. त्याचा हार घातलेला फोटो आर्टवाल्यांनी पाटावर ठेवला. तात्या उठून जवळ गेले, गॉगल काढून त्यांनी तो निरखला. "ह्याला मिशा न्हाईत."

"काका, तो तुम्हीच आहात," अभिनव म्हणाला.

"मी आसा? बिनमिशाचा मरणार न्हाई मी."

शेवटी तात्यांच्या पंचायत निवडणुकीच्या फ्लेक्सवरून फोटो कापून आणला. त्यात तात्या हात जोडून हसत आहेत. खाली 'आपला नम्र' असं छापलं होतं, ते हाराखाली झाकलं. गालावरचा गुलाल तसाच राहिला.

दुसरी अडचण दिगंबर गुरुजी. तेही शनिवार पेठेतले, अभिनवच्या आजोबांपासून त्यांच्या घरी येणारे. अभिनवला सगळं अस्सल हवं होतं म्हणून त्याने त्यांना आणलं होतं, आणि अस्सल माणूस आणला की तो प्रश्न विचारतो.

"नाव?" गुरुजी म्हणाले.

"सर्जेराव."

"गेले कधी?"

"गेले नाहीत. ते काय, चहा घेतायत."

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि तात्यांकडे बघितलं. तात्यांनी कप उंचावला. गुरुजींनी चष्मा खाली घेतला. "अहो, मग मला कशाला आणलंत? आधी माणूस मरतो. मग मी येतो. हा क्रम मी लावलेला नाही."

"गुरुजी, सिनेमा आहे."

"तुमचा सिनेमा आहे. माझे मंत्र मंत्रच आहेत. ते वर जातात. वर गेल्यावर सिनेमा होता म्हणून परत मागवता येत नाहीत."

यावर तात्या पहिल्यांदा जरा हलले. खुर्ची थोडी मागे घेतली. बराच खल झाला आणि गुरुजी शेवटी तयार झाले ते एका अटीवर. दहाव्याचा एकही मंत्र म्हणायचा नाही. रामरक्षा म्हणणार. आवाज नंतर काय हवा तो भरून घ्या. "जिवंत माणसाला तीच बरी," गुरुजी म्हणाले.

माझं लहानपणचं काम करणारी आम्रपाली कोथरूडची. ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर ब्रशने माती लावली होती, फार नेटकी.

"ताई, तू खरंच कावळ्याच्या मागे पळालीस?"

"नाही."

"मग कशाला पळालीस?"

"घरी जायचं होतं."

तिने थोडा विचार केला. "हे जास्त सोपं आहे," ती म्हणाली आणि मेकअपवालीने तिला उचलून नेलं.

पिंड मांडले. शेजारी दिवा, पानावर भात, फोटोतले हसरे तात्या. आम्रपाली पिंडासमोर उभी. कॅमेरा चालू. गुरुजी रामरक्षा म्हणू लागले. सगळे आकाशाकडे बघू लागले.

कावळा आला नाही.

प्रॉडक्शनवाल्याने कावळ्याची वेगळी सोय केली नव्हती. कबुतर मिळतं, पोपट मिळतो, पण कावळा कोण भाड्याने देतं? तो म्हणाला होता, "कावळे गावात फुकट आहेत." ते खरंही होतं. मी बसले होते तिथून जेवणाच्या तंबूची मागची बाजू दिसत होती. सकाळच्या नाश्त्याची उरलेली अंडी आणि पोहे आचाऱ्यांनी तिथे उलटले होते आणि लोणीतले सगळे कावळे तिथे जमले होते. त्यांचीही पंगत बसली होती. उकडलेलं अंडं सोडून कोरड्या भाताकडे कोण येईल?

मी हे अभिनवला सांगणारच होते. उठलेसुद्धा होते. तेवढ्यात तात्यांचे भाऊबंद, पोपटचुलते, बोलले म्हणून बसले.

आमच्याकडे कावळा शिवत नाही तेव्हा लोक गप्प बसत नाहीत. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे असं धरतात आणि जवळची माणसं पिंडापुढे हात जोडून कबूल करतात, की बाबा, तुझं हे करू, ते करू, तू निर्धास्त जा. बरोबर इच्छा सांगितली की कावळा येतो. हे सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलं आहे, की वाट बघून बघून भावकी विसरूनच गेली हे शूटिंग आहे.

पोपटचुलते पुढे झाले, टोपी सारखी केली आणि पिंडाला म्हणाले, "सर्जा, बांधाचं मनाला लावून घिऊ नगंस. आमी हातभर सरकवलाय त्यो माघारी घिऊ. शिव बाबा."

तात्या खुर्चीतून ताडकन उठले. "म्हंजी सरकवला व्हतास तू!"

"तू गप. मी मेलेल्या मानसाशी बोलतोय."

"मीच हाय त्यो!"

"तुला न्हाई बोललो. पिंडाला बोललो."

"चार वर्सं तलाठ्याम्होरं शपथा खातोय न्हाई सरकवला म्हनून..."

अभिनव कॅमेरामनला कुजबुजला, "कट करू नकोस. चालू दे."

मग सुमाकाकी पदर खोचून आल्या. "भावजी, तुमच्या लग्नातली पितळी कढई आमच्याकडं हाय. देते परत."

गाडीच्या काचेतून आईचा आवाज आला, "ती तुज्याकडं हाय व्हय गं?"

त्यानंतर ओळ लागली. कुणी पाण्याच्या पाळीचं कबूल केलं, कुणी मोडलेली सोयरीक पुन्हा जोडतो म्हणालं. एकाने सांगितलं की तात्यांचा कुत्रा हरवला नव्हता, त्यानेच तो उरुळीला नेऊन सोडला होता. प्रत्येक कबुलीनंतर सगळे वर बघायचे. आकाश निळं आणि रिकामं. तात्या खुर्चीवरून एकेकाकडे बघत होते. माणूस मेल्यावर त्याला जे कळत नाही ते सगळं त्यांना बसल्या जागी कळत होतं.

मी मोजत नव्हते, पण ऐकत होते. इतकी माणसं इतकं काय काय कबूल करत होती. मला वाटलं, या लाटेत 'विसरलो' असंही कुणीतरी म्हणेल. म्हणून मी अंड्यांचं सांगितलं नाही.

गुरुजींची रामरक्षा तिसऱ्यांदा संपली. ते म्हणाले, "अशा वेळी दर्भाचा कावळा करून शिववतात. शास्त्रात सोय आहे."

"गवताच्या कावळ्यामागे ती पळणार कशी?" अभिनव जवळजवळ रडकुंडीला आला होता. मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो माझ्याकडे आला. "पूर्णिमाताई, तुम्ही बोला. पिंडाशी. जे मनात आहे ते. आम्ही पाठमोरं घेतो, चेहरा नको, हवं तर आवाजही नको."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तात्यांनी गॉगल घातला.

"मला काही बोलायचं नाही," मी म्हणाले. "इच्छा त्यांची राहिली असेल, तर त्यांनाच विचारा. ते काय, बसलेत."

लोक हसले. मग हसणं हळूहळू थांबलं, कारण बोलणं बरोबर होतं. आजवर गावात इतके दहावे झाले, अंदाज करून करून माणसं थकली, पण गेलेल्यालाच विचारायची सोय कधी झाली नव्हती.

पोपटचुलते म्हणाले, "सर्जा, सांग की बाबा. काय ऱ्हायलंय तुजं?"

तात्या उभे राहिले. आधी त्यांना ते आवडलं. घसा साफ केला. "नाष्टा गार व्हता," ते म्हणाले. सगळ्यांनी वर बघितलं. काही नाही. "हिरीवरची मोटर दुरुस्त करायची ऱ्हायलीय." वर बघितलं. "पंचायतीच्या पाटीवरनं माजं नाव खोडलंय, ते लिवा." वर. "पूर्णीचं लगीन."

या वेळी लोकांनी फार आशेने वर बघितलं. लग्न म्हणजे हमखास. गुरुजींनीही बघितलं. एक विमान गेलं.

"आनखी?" पोपटचुलते म्हणाले.

"आनखी कायबी न्हाई," तात्या म्हणाले. पण त्यांचा आवाज आता भाषणातला राहिला नव्हता.

"कायतरी आसंल की. त्याबिगर का येत न्हाई त्यो?"

"न्हाई म्हनलं ना!"

तेवढ्यात कुणीतरी "लंच!" असं ओरडलं. भावकी एका दमात जिवंत झाली आणि तंबूकडे निघाली. अभिनव जाताना फोनवर कुणाला तरी विचारत होता, कॉम्प्युटरवर एक कावळा करायला किती दिवस लागतील. कॅमेऱ्यावर प्लास्टिक टाकलं. आई गाडीतून उतरली, बांगड्या वाजवत सगळ्यांच्या पुढे गेली. सुमाकाकी तिच्या बाजूने सटकायला बघत होत्या.

घाटावर मी उरले आणि तात्या.

तात्या खुर्चीत बसून होते. समोर पाटावर दुसरे तात्या हात जोडून हसत होते. नदीवरून फेस वाहत होता. तिघंही तो बघत होतो.

"आलाच न्हाई," तात्या म्हणाले.

"हो."

"समदं तर सांगितलं."

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"खरंच मेल्यावर बी आसंच झालं तर?" त्यांनी गॉगल काढला. उन्हात त्यांचे डोळे बारीक झाले. "मानसं तिष्टत बसनार. तू बसशील. हितं, फरशीवर. उन्हाची."

"मी बसेन," मी म्हणाले. "मला सवय आहे."

मी हे टोमण्याने बोलले नव्हते. माझा आवाजच तसा सपाट आहे. पण ते बोलणं दोघांच्या मध्ये जाऊन पडलं आणि उचलायला कुणीच वाकलं नाही.

दरम्यान तंबूकडे एवढी माणसं गेली की मागचे कावळे उठले. एकामागून एक घाटावर आले आणि विजेच्या तारेवर बसले. तात्यांनी मान वर केली. तारेवर काळी ओळ लागली होती. सगळे खाली बघत होते, पिंडाकडे आणि आमच्याकडे. माणसं इतक्या जवळ असताना ते उतरणार नव्हते, ते मला कळत होतं. तात्यांना वेगळंच कळलं. ते उठले. खुर्ची मागे पडली तरी त्यांनी बघितलं नाही.

पिंडापुढे जाऊन ते उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती. शर्टावर घामाचा डाग पडला होता. हात जोडायला उचलले आणि मग काय वाटलं कोण जाणे, नुसतेच खाली सोडले.

"क्रेट आनले," ते म्हणाले. फोटोला, पिंडाला की कावळ्यांना, ते दिसत नव्हतं. "मोजून आनले समदे. घरी येऊन बी मोजले. पोरगी..." इथे ते थांबले. बाहेर हायवेवर एक ट्रक हॉर्न देत गेला. तो पूर्ण जाईपर्यंत थांबले. "पोरगी इसरून आलो. हरवली न्हवती. मी इसरलो. टेम्पोत बसून वडापाव खाल्ला, हडपसरला उतरून पान बी खाल्लं. घरी आलो तरी ध्यानात न्हाई. रस्त्यानं येताना दिसली तवा आठवलं."

मग त्यांना आपण मोठ्याने बोललो याची लाज वाटली असावी. ते चार पावलं मागे सरले, माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले.

जागा मोकळी झाली. तारेवरचा एक कावळा उतरला, पिंडाजवळ उड्या मारत आला, मान वाकडी करून त्याने फोटोतल्या तात्यांकडे बघितलं आणि पिंडात चोच घातली. चांगली खोल. मग दुसरा उतरला. मग सगळे.

तात्यांनी माझा दंड धरला. "शिवला."

"हो."

"बगितलंस का? बोललो आन् शिवला."

तुम्ही मागे सरलात म्हणून शिवला, असं मी म्हणू शकले असते. अंड्यांचंही सांगू शकले असते. माझं तोंड थोडं उघडलं होतं, ते मी मिटलं.

"कॅमेरा?" तात्यांनी विचारलं.

"जेवायला गेलाय."

"म्हंजी पिच्चरमदी न्हाई यायचं ह्ये."

"नाही. तिथे कॉम्प्युटरचा कावळा येणार आहे."

"आन् तू हरवनार."

"हो."

त्यांनी मान हलवली. सुटल्यासारखी की अडकल्यासारखी, मला सांगता येणार नाही. कावळ्यांनी दिवा कलंडवला. फोटोतल्या तात्यांच्या हारातलं एक झेंडूचं फूल कुणीतरी पळवलं, आणि खालची 'आपला नम्र' ही अक्षरं उघडी पडली.

ज्याच्यासाठी मी सही केली होती ते मला मिळालं होतं. मी वाट बघितली. आता काहीतरी होईल, रडू येईल, निदान हुंदका. त्या चॅनेलवाल्यासारखं मी स्वतःला विचारलं, म्हणजे नेमकं काय वाटतंय? नीट आत बघितलं. बराच वेळ काही सापडलं नाही. मग पोटाशी काहीतरी हललं. मला वाटलं हेच ते. जरा थांबून बघितलं, तर भूक लागली होती.

मी गेली कित्येक वर्षं तक्त्याप्रमाणे जेवते. घड्याळ वाजलं की खाते. भूक लागून जेवायला उठले आहे असं मला आठवत नव्हतं.

"जेवायचं का?" मी विचारलं.

"चल."

तात्या पुढे निघाले. ते नेहमीच पुढे चालतात, हात मागे बांधून, रस्ता त्यांनीच बांधला असल्यासारखे. मी मनात आणलं असतं तर त्यांच्या आधी तंबूत पोचले असते. तेवढ्याच कामाबद्दल मला पदक दिलं आहे. पण मी मागे राहिले. मुद्दाम, जरा जास्तच हळू चालले.

घाटाच्या पायऱ्या संपल्यावर ते थांबले. गुडघा दुखला असेल असं मला वाटलं. पण त्यांनी मान वळवून मागे बघितलं. मी दोन पायऱ्या खाली होते. मी दिसले तरी ते बघतच राहिले.

"ये की," तात्या म्हणाले. "पनीर संपंल."